मंजुळेचा हिस्सा

“दादा, हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही, याबाबत माझी भूमिका स्पष्ट आहे,” आमची शिडाची यॉट तिसऱ्यांदा म्हणाली.

“ऐकलंस आये?” उल्हास माझ्याकडे वळला. “भावाक असा कोण बोलता?”

“माका कान आसत,” मी म्हटलं.

सकाळचे सात वाजले होते. ओहोटी पुरी उतरलेली, आणि खाडीच्या चिखलात मंजुळा नेहमीसारखी ताठ बसलेली. बत्तीस फुटांची, पांढरी, कमरेला निळा पट्टा. तिच्या पोटाखाली दोन पाय आहेत, म्हणून ती इतर होड्यांसारखी चिखलात लवंडत नाही. ती बोलते ती फक्त अशी टेकलेली असताना. पोटाला पाणी लागलं की तिचं चित्त समुद्राकडे जातं, मग तिला हाका मारून उपयोग नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातल्या ढवण साहेबांना आम्ही आधीच भरती-ओहोटीचं कोष्टक पाठवलं होतं, आणि ते बघून साहेब कचेरी उघडायच्या आत टेबल, खुर्ची आणि फोटोचा कॅमेरा घेऊन आमच्या धक्क्यावर आले होते. अशी गृहभेट खरं तर अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी असते. साहेबांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पक्षकारास रस्त्याने येणे शक्य नाही.’ ते खरंच होतं.

“बाई, आधी माहिती भरून घेऊ,” साहेब मंजुळेला म्हणाले. “पूर्ण नाव?”

“मंजुळा विश्राम खवणेकर.”

“वय?”

“पन्नास. बांधणी फ्रान्सची.”

“विवाहित?”

“नाही.”

“व्यवसाय?”

“प्रवास,” मंजुळा म्हणाली.

साहेबांनी ‘घरकाम’ लिहिलं. बाईपुढे ते तसंच लिहितात. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, कारवारपासून दमणपर्यंतचा किनारा सुकाणू धरून पालथा घातला आहे, आणि माझ्याही आधारकार्डाच्या अर्जावर घरकामच होतं.

मंजुळा इतकी शुद्ध कशी बोलते, असं साहेबांनी चहा पिताना मला हळूच विचारलं. आम्ही घरात मालवणी बोलतो, पण ती आमच्याकडे आली सत्याऐंशी साली, आणि आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. एक फ्रेंच माणूस आजारी पडून तिला गोव्यात टाकून गेला होता. माझा नवरा विश्राम जहाजावर इंजिनाचं काम करायचा. त्याने तिला पाहिलं, आणि सुट्टी संपायच्या आत घरी घेऊन आला. आपल्या आईचं नाव दिलं. पहिल्या पावसाळ्यात ती मांगरात उभी होती. मांगर म्हणजे आमच्या परड्यातली, म्हणजे परसातली, खाडीकडे उघडी असलेली मोठी शाकारलेली शेड. मी तिथे मासे सुकवायला बसायचे आणि पेपर मोठ्याने वाचायचे. ती त्यावरून शिकली. त्यामुळे ती पेपरासारखी बोलते. अग्रलेखाच्या पानावर आम्ही जरा जास्तच रेंगाळलो असू.

“मंजुळा, माझा ऐक,” उल्हासने आवाज खाली आणला. त्याला भांडता येत नाही, समजूत घालता येते. बापावर गेला आहे. “तुका काय कमी पडला गो? दर वर्षी तळाक रंग. दर दोन वर्षांनी नवीन दोर. गेल्या दिवाळीक भाऊबीजेची साडी दिलंय.”

“साडी मिळाली. आभारी आहे.”

ती साडी अजून डोलकाठीवर होती. हिरवी, जरीकाठाची. उन्हाने एका बाजूला पिस्ता झालेली. भावाने साडी दिली म्हणजे बहिणीने सही करायची असते, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. धाकट्या नलूला त्याच भाऊबीजेला तशीच साडी मिळाली, आणि तिने पंधरा दिवसांत कचेरीत जाऊन सही केली. मंजुळेने साडी चढवली आणि गप्प राहिली.

“नलून सही केल्यान ना?” उल्हास म्हणाला. “ती काय येडी?”

“नलूताईंच्या निर्णयाचा मला आदर आहे,” मंजुळा म्हणाली. “मात्र त्यांना पावसाळ्यात राहायला पक्कं घर आहे.”

नलू धक्क्याच्या पायरीवर बसली होती. आपल्या साडीच्या काठाला चिकटलेला चिखल खरवडत राहिली.

इथे मंजुळेला हिस्सा कसा लागला ते सांगते, नाहीतर साहेबांसारखे लोक चहा पिताना विचारत बसतात. विश्रामला एक सवय होती. आम्ही चौघं दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मंजुळेवर निघायचो, कधी कारवार, कधी दमण, एकदा लक्षद्वीप. दिवेलागणीला विश्राम सुकाणूवर बसून गणती करायचा. कोणी पाण्यात पडलं का, हे बघायची ती रीत. तो नाव घ्यायचा आणि नाव घेतलेल्याने ‘हय’, म्हणजे ‘इथे’, म्हणायचं. द्वारका. हय. उल्हास. हय. नलू. हय. मंजुळा. मंजुळा तरंगताना बोलत नाही, पण डोलकाठी एकदा करकरायची. मग तो म्हणायचा, “सगळी आसत,” आणि विडी पेटवायचा.

अठ्ठ्याऐंशी साली रेशनकार्डाचा कारकून घरी आला. विश्राम मांगरात होडीखाली आडवा होऊन रंग लावत होता. कारकुनाने विचारलं, घरात माणसं कोण कोण? विश्रामने पडल्या पडल्या गणती सांगितली. कारकुनाने लिहून घेतली. मंजुळा, मुलगी, वय चौदा. त्याने तिला पाहिलंही होतं, तिच्या शिडीला टेकूनच उभा होता. पुढे विश्राम गेला तेव्हा तलाठ्याने रेशनकार्डावरून वारस लावले. पत्नी एक, मुलगा एक, मुली दोन. चावडीवर नोटीस लागली, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. हरकत कोणीच घेतली नाही. घेणार कोण? सगळ्या गावाने तिला वर्षानुवर्षं पाहिलेली.

तर घर, परडं आणि मांगर चौघांचं झालं. आणि उल्हासला मांगर पाडून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याने मांगराच्या तोंडाशी चिरे आणून रचलेसुद्धा होते, पुरुषभर उंच. चिऱ्यांच्या पलीकडे मंजुळेची पावसाळ्याची जागा होती.

“पाऊस अकरा दिवसांवर आला आहे,” मंजुळा म्हणाली. “आज अमावास्येचं उधाण आहे. यानंतर पावसाआधी मांगराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार नाही. आज दुपारी मला आत घेतलं नाही, तर चार महिने मी कुठे राहायचं, याचा खुलासा व्हावा.”

“बंदरात नांगर टाकून रव. इतर रवतत तशी.”

“गेल्या वादळात बंदरात नांगरलेल्या दोघी बुडाल्या. एक माझ्या ओळखीची होती.”

उल्हासने बंदराकडे पाहिलं. ती त्याच्याही ओळखीची होती.

“बरा, मग मी काय करू?” तो साहेबांना म्हणाला, जणू साहेबच बाप. “मी चांगली नोकरी सोडून गावाक इलंय. दोन खोल्यो झाल्यो तर चार माणसा येतली. गावात रवाचा तर काय तरी करूक होया ना? हिका काय, ही आज हय, उद्या लक्षद्वीपाक. आणि लोक काय म्हणतले? भयणीन भावाची वाट अडवल्यान.”

“लोकांचं म्हणणं नोंदवायला रकाना नाही,” साहेब म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते. “बाई, मला नियमाने विचारावं लागतं. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे?”

“आहे,” मंजुळा म्हणाली. “भावाचा. पण तो प्रेमापोटी आहे.”

साहेबांनी पेन थांबवलं. असा रकानाही नव्हता.

“प्रेमाच्या गजाली माका सांगू नको!” उल्हासचा आवाज एकदम फुटला. “मी तुझ्या अंगाखांद्यार वाढलंय. तुझ्या काठीर चढूक शिकलंय. मी तुका टाकतंय काय? मी फक्त सही मागतंय!”

आता नलू बोलली. तिने मान वर केली नाही.

“वेंगुर्ल्याच्या दिव्याकडे गणती केली तेव्हा ‘हय’ कोण नाय म्हणालो, दादा?”

उल्हास दहा वर्षांचा होता तेव्हाची, वेंगुर्ल्याच्या दीपगृहाजवळची गोष्ट. विश्रामने नाव घेतलं, उत्तर आलं नाही. आम्ही मागे वळून बघायच्या आतच मंजुळेने शीड सैल सोडलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. कोणी सुकाणूला हात लावला नव्हता. उल्हास पाण्यात हात मारत होता तिथे ती स्वतः जाऊन उभी राहिली. तिने हे कधी काढलं नाही, पस्तीस वर्षांत एकदाही नाही. टेकलेली असताना तिला हवं ते बोलता येतं, तरीही नाही.

“नलूताई, हा विषय पत्रिकेवर नाही,” मंजुळा आत्ताही एवढंच म्हणाली.

उल्हास धक्क्यावर उकिडवा बसला. खाली चिखलात खेकडे आपापल्या भोकांतून बाहेर येत होते. दूर खाडीच्या तोंडाशी पाण्याची रेघ चमकायला लागली होती. भरती वळली होती.

“एक पर्याय सुचवते,” मंजुळा म्हणाली. “माझ्या पोटात पाच बिछाने आहेत. पावसाळ्याचे चार महिने मी मांगरात रिकामी उभी असते. दादांनी पाहुणे माझ्यात उतरवावेत. चूल आहे, दिवा आहे, वरून पाऊस वाजतो. मी कोणाशी बोलेन, कोणाशी नाही, हे मात्र माझं मी ठरवीन.”

“पावसात जमिनीर उभ्या केलेल्या होडीत कोण झोपतलो?” उल्हास म्हणाला.

“आम्ही येऊ,” ढवण साहेब पटकन म्हणाले. मग सावरून बसले. “म्हणजे, बायको आणि मुलगी. जुलैत रजा आहे. हे नोंदीसाठी नाही.”

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कारण त्याच वेळी साहेबांनी टेबलावर शाईचा निळा पॅड ठेवला, डबी उघडली, आणि उल्हासने माझ्याकडे न बघता तो पॅड माझ्या बाजूला सरकवला.

“ह्या कोणासाठी?” मी विचारलं.

“आये, तुझाही नाव आसा ना कागदार. तू आपली बस. मी सांगतंय तेव्हा अंगठो दी.”

म्हणजे कागद एक होता आणि नावं दोन होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला नुसतं म्हटलं होतं, आये, साहेब येतले, तू चाय कर.

मी कागद उचलला.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा माझा बाप गेला. तीन भाऊ. मोठ्याने मला पिवळी साडी आणली आणि म्हणाला, द्वारके, भाताच्या नुकसानीचा पंचनामा आसा, हयसर अंगठो लाव. मला एक अक्षर येत नव्हतं. लावला. दुसऱ्या वर्षी गणपतीला माहेरी गेले, तर वहिनीने दारातच विचारलं, कधी जातलंस? त्याआधी तिथे सगळे विचारायचे, कधी इलंस? त्या एका शब्दाच्या फरकात माझी शेती, माझी विहीर आणि माझा झोपायचा कोपरा गेला. घरी परत आले आणि सुक्या मासळीच्या पुड्यांचे कागद चुलीत घालायचे थांबवले. एक एक अक्षर बोटाखाली धरून बसले. कोणी शिकवलं नाही, शिकवायला कोणी आलंही नाही. दीड वर्षाने पहिली पूर्ण बातमी वाचली, ती कुठल्याशा धरणाची होती. पुढे पेपर आले, भरतीची कोष्टकं आली, समुद्राचे नकाशे आले. विश्राम नकाशा उलटा धरायचा. मी सरळ करून द्यायचे.

हे मी उल्हासला कधी सांगितलं नव्हतं. मुलांना वाटतं आई जन्मतः वाचत होती. नाहीतर वाटतं की तिला वाचता येत नाही. मधलं काही त्यांना दिसत नाही. माझ्या मुलाने रोज सकाळी मला पेपर वाचताना पाहिलं, आणि कागद टाईप करून आणताना टायपिस्टने ‘सासू-आया अंगठाच देतात’ म्हटल्यावर तो हो म्हणाला. त्याने ते नंतर स्वतःच कबूल केलं.

मी कागद मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून. मंजुळा ऐकत होती, तिला माझ्या वाचण्याची सवय आहे. ‘आम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.’ ‘सदर मिळकतीत यापुढे आमचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.’ शेवटी दोन ओळी होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, मंजुळा विश्राम खवणेकर, सही. दुसरीवर, द्वारका विश्राम खवणेकर, निशाणी डावा अंगठा.

“सही तिची,” मी म्हटलं, “आणि अंगठो माझो?”

“आये, टायपिस्टान केल्यान ता...”

“साहेब, तुमचा पेन द्या.”

साहेबांनी दिलं. मी ‘निशाणी डावा अंगठा’ यावर एक सरळ रेघ मारली. रेघ कशी मारायची ते नकाशावर शिकले आहे, हात हलत नाही. त्याच्या बाजूला लिहिलं, ‘वाचले. मान्य नाही.’ खाली पूर्ण नाव, पूर्ण सही. शाईच्या पॅडचं झाकण लावलं आणि तो साहेबांच्या पिशवीत ठेवला.

“वाचून घेतलेली असहमती,” साहेब स्वतःशी म्हणाले. त्यांनी कागद उलटसुलट बघितला. “हे नियमात बसतं.” मग त्यांनी मंजुळेचा फोटो घेतला, कारण फोटोशिवाय गृहभेट पूर्ण होत नाही. ती एका फोटोत मावेना. साहेब मागे मागे जात चिखलात उतरले, घोट्यापर्यंत रुतले, आणि तिथून म्हणाले, “बाई, सरळ बघा.” ती सरळच बघत होती. ओहोटीत तिला मान वळवता येत नाही.

तेवढ्यात पाणी आलं. आमच्या खाडीत भरती धावत येत नाही, सरपटत येते, आणि बघता बघता साहेबांच्या पोटऱ्यांभोवती गोल फिरली. मंजुळेच्या पायांना लागली. नलूने साहेबांना हात देऊन वर ओढलं.

“माझं म्हणणं संपलं आहे,” मंजुळा म्हणाली. “आई, दुपारी बाराला वारा पश्चिमेचा असेल, दोर उजवीकडून घ्यावा.” मग पाणी तिच्या पोटाला टेकलं, आणि तिचं लक्ष गेलं.

उल्हास उभा राहिला. हातात नको झालेला कागद. त्याने एकदा चिऱ्यांच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा साडी फडफडत असलेल्या डोलकाठीकडे.

“म्हणजे तुम्ही तिघी एका बाजूक,” तो म्हणाला.

“मी सही केलेली आसा,” नलू म्हणाली. “मी खंयच्याच बाजूक नाय. पण चिरे उचलूक येतंय.” आणि तिने पदर खोचला.

“ता ठीक आसा, पण माझ्या खोल्यांचा काय? गवंडी दहाक येतलो, तेका काय सांगू? आणि आये, ही दर वर्षी अशीच म्हणतली, दर पावसाळ्यात हय येतली, म्हातारी झाली तरी येतली, माझ्या पोरांच्या पोरांच्या वक्ताक पण येतली! मग ह्या कधी संपतला?”

साहेब टेबल घडी करत होते, ते थांबले. नलू पहिला चिरा उचलून तशीच उभी राहिली. मी पायातल्या चपला काढल्या, मांगराच्या खांबावरचा जाड दोर उतरवला, त्याचं एक टोक माझ्या खांद्यावर घेतलं आणि दुसरं त्याच्यासमोर धरलं.

“उल्हास, गवंड्याक सांग चिरे हलवूक मदत कर, आणि तू दोर धर,” मी म्हटलं, “तुझी भयण म्हायेराक इली आसा.”